नवा स्विच आपापला कॉन्फिगर होतो, पण तो बसलाय कुठे हे त्याला कोण सांगणार?

निळी_वायर | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा लांबड लावतोय, सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क मी बघतो. पाच इमारती, त्यात ४२ जुने स्विच. दिवाळीच्या सुट्टीत ते सगळे काढून नवे बसवायचेत. प्रत्येकाला २४ तांब्याचे पोर्ट आणि वरच्या बाजूला ४ एसएफपीचे (फायबरचं मॉड्यूल खोचायच्या खाचा). मुख्य इमारतीत दोन कोअर (मध्यवर्ती) स्विच आहेत, तिथून बाकीच्या इमारतींना सिंगल मोड फायबर गेलीय. फक्त ग्रंथालयाची जुनी मल्टिमोड आहे, ६२.५ मायक्रॉनवाली. तिचं रडगाणं नंतर.

आजवरची पद्धत अशी: मांडीवर लॅपटॉप, निळी कन्सोल केबल, ९६०० बॉड, नोटपॅडमधून कॉपी-पेस्ट. मागच्या वेळी एका ठिकाणी आयपी बदलायला विसरलो. दोन मजल्यांवर एकाच पत्त्याचे दोन स्विच, आणि मी तीन तास फायबर पुसत बसलो. फायबर बिचारी चकचकीत होती.

या वेळी झीटीपी (झीरो टच प्रोव्हिजनिंग) करायचं ठरवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवा स्विच चालू झाला आणि त्याच्या पोटात साठवलेलं काहीच नसलं, की तो डीएचसीपीला, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला, हाक मारतो. सर्व्हर त्याला आयपी देतो, शिवाय ऑप्शन ६६ मध्ये फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे आणि ६७ मध्ये फाइलचं नाव काय, हेही सांगतो. स्विच ती फाइल उतरवून घेतो आणि लागतो कामाला. आपण चहा प्यायचा.

घोडं अडलंय एकाच ठिकाणी. ग्रंथालयाची फाइल ग्रंथालयाच्या स्विचलाच गेली पाहिजे. सर्व्हरला दिसतो तो सिरियल नंबर किंवा मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता). म्हणजे ४२ खोकी फोडून, सिरियल एक्सेलमध्ये लिहून, खोक्यावर चिठ्ठी चिकटवून, तेच खोकं त्याच मजल्यावर जाईल हे बघायचं. खोकी उचलणारी मुलं रोजंदारीवरची. हातात येईल ते उचलून नेणार. कोणी केलंय का असं?

उगाच_आपलं | मंगळवार, रात्री ११:०५

४२ गुणिले १५ मिनिटं, साडेदहा तास. दोन दिवसांत निळ्या वायरीनेच आटपेल. सर्व्हर उभा करायला, टेम्प्लेट लिहायला, तो का चालत नाही हे शोधायला चार दिवस जातील. हौस असेल तर करा, पण वेळ वाचतो वगैरे म्हणू नका.

नवशिका२ | मंगळवार, रात्री ११:२०

छान धागा. वाचतोय. स्विच म्हणजे तो ज्यात लॅनच्या वायरी खुपसतात तोच ना? माझ्या आईला अजून वाटतं मी हिंजवडीला बटणं बसवायला जातो.

सईसांज | मंगळवार, रात्री ११:४८

@निळी_वायर, सिरियलच्या नादाला लागूच नका. ऑप्शन ८२ बघा. आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ३०४६, २००१ सालची. मुळात ब्रॉडबँडवाल्यांसाठी केलेली सोय, पण तुमच्या कामाला अगदी चपखल आहे.

नवा स्विच डीएचसीपीची हाक मारतो ती कोअरमधूनच पुढे जाते ना? जाताना कोअर तिच्यावर शिक्का मारतो: ही हाक माझ्या १७ नंबरच्या पोर्टातून आली. पोस्टाचा शिक्का असतो तसा. पाठवणाऱ्याने आत काहीही लिहिलेलं असो, पत्र कुठल्या पेठेतून निघालं ते शिक्क्यावरून कळतं. मग सर्व्हरवर नियम एवढाच: १७ नंबरातून येईल त्याला ग्रंथालयाची फाइल. खोकं कुठलंही असो. सिरियलचा एक्सेल फक्त वॉरंटीपुरता उरतो.

आणि @उगाच_आपलं, हिशोब बरोबर आहे, पण तो ४२ स्विचचा. पुढच्या जूनमध्ये रात्री दोनला वीज पडून एक स्विच जळेल, तेव्हा निळी वायर घेऊन कोण जाणार? ऑप्शन ८२ असेल तर वॉचमनदादांना फोनवर सांगता येतं, कपाटातलं नवं खोकं काढा, पिवळी वायर होती तिथेच लावा.

उगाच_आपलं | मंगळवार, रात्री ११:५५

वॉचमनदादा फायबरची टोकं उलटी लावणार. दादाच काय, मीही लावतो.

सईसांज | बुधवार, रात्री १२:१०

उलटी लागली तर लिंक येतच नाही. मग अदलाबदल करायची. चूक लगेच दिसते, हेच बरं.

जुना_एमडीएफ | बुधवार, सकाळी ६:१५

शीर्षक वाचून मला वाटलं ऑप्टिकल स्विचवर चर्चा असेल. ज्यात प्रकाशाचं विजेत रूपांतर न करताच वाट बदलतात, रोडम वगैरे. १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात अनेक रंग एकाच तंतूतून जातात आणि कुठला रंग कुठे वळवायचा हे दूरवरून ठरवता येतं. तिथलं ऑटोमॅटिक कॉन्फिगरेशन वेगळ्या दर्जाचं. एक रंग वाढवला की वाटेतल्या अॅम्प्लिफायरांचा तोल सांभाळावा लागतो, नाहीतर शेजारचे रंग डळमळतात. तुमचं प्रकरण इथरनेटचं आहे. असो, तेही चांगलंच आहे.

सईताईंनी सांगितलेला शिक्का वाचून एमडीएफची खोली आठवली, एक्स्चेंजमध्ये सगळ्या लायनी जिथे उतरतात ती. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३१ वर्षं काढली. ग्राहकाच्या घरी फोन काळा आहे की लाल, याच्याशी आम्हाला काही कर्तव्य नसे. कुठल्या व्हर्टिकलवर, कितव्या टॅगवर त्याची पेअर (तारांची जोडी) उतरली तेवढंच रजिस्टरात असायचं. जंपर (जोडतार) टाकला की तो नंबर त्या घराचा. उपकरणाला नाव नाही, जागेला नाव. तुम्ही पोरं त्यालाच आता ऑप्शन ८२ म्हणता.

एक सूचना. जागा रजिस्टरात जशी लिहिलीय तशीच भिंतीवर आहे का, हे आधी जाऊन बघा. आमच्याकडे जंपर टाकणारा घाईत असे आणि रजिस्टर लिहिणारा रजेवर.

धायरीफाटा | बुधवार, दुपारी १:३०

आमचं लोकल इंटरनेटचं काम आहे, सिंहगड रोड ते धायरी. जीपॉन, म्हणजे एकाच फायबरवर अनेक घरं. घराकडे १४९० नॅनोमीटर, परतीला १३१०. खाली अडीच गीगाबिटच्या आसपास, वर सव्वा. एका पोर्टातून ३२ घरं. आमच्याकडे हा सगळा आटोमॅटिक प्रकार रोजचाच. घरातला डबा लावला की ओएलटीवर (आमच्याकडच्या मुख्य मशीनवर) त्याचा सिरियल आपसूक उगवतो. आपण तो स्वीकारायचा, प्लॅन जोडायचा, बाकी कॉन्फिग ओएलटी फायबरमधूनच डब्यात ढकलतो. घरात लॅपटॉप उघडायचा प्रश्नच नाही.

पण सईताई, तुमचा शिक्का आमच्याकडे अर्धाच चालतो. स्प्लिटर म्हणजे नुसती काच. त्याला वीज नाही, अक्कल नाही. एका तंतूचे ३२ होतात आणि प्रत्येकाला साधारण १७ डीबी कमी प्रकाश मिळतो. कुठला डबा कुठल्या फांदीवर, हे ओएलटीला कळायला मार्गच नाही. पोर्ट कळतो, घर कळत नाही. म्हणून आम्हाला सिरियलशिवाय गत्यंतर नाही.

आता तो सिरियल येतो कसा? पोरगं ग्राहकाच्या घरातून व्हॉट्सअॅपवर डब्यामागच्या स्टिकरचा फोटो पाठवतं. हात हललेला, वर ट्यूबलाइटचं चकाकतं बोट. पहिली चार अक्षरं कंपनीची, पुढची आठ हेक्समध्ये. हेक्समध्ये ओ नसतो हे नशीब, पण ८ आणि बी? एका शनिवारी दोन नवी कनेक्शनं, एकाच सोसायटीत, दोन्ही सिरियल शेवटच्या अक्षरापर्यंत सारखे, आणि शेवटी एकाला ८, एकाला बी. तळमजल्यावरच्या आजोबांना २०० एमबीपीएस आणि वरच्या गेमिंगवाल्याला ३०. आजोबांनी तक्रार केली नाही.

तेव्हापासून मी अंतर बघतो. प्रत्येक डब्याचा सिग्नल नेमक्या वेळेला यावा म्हणून ओएलटी आधी त्याचं अंतर मोजून ठेवतं. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, त्या हिशोबाने. पोरगं म्हणतं धायरी गावठाणातून बोलतोय, आणि स्क्रीनवर डबा ९०० मीटरवर. म्हटलं, भाऊ, तू अजून फाट्यावरच चहा पितोयस.

नवशिका२ | बुधवार, दुपारी १:५२

😂😂 वाचनखूण साठवली आहे.

मुळशीकर | बुधवार, रात्री ९:१५

दोन खड्डे सांगतो. मी दोन्हींत पडलोय.

पहिला. तुमच्या प्रत्येक इमारतीला दोन फायबर असतील आणि त्यांची एलएसीपीने (अनेक वायरींची एक लिंक करणाऱ्या प्रोटोकॉलने) मोट बांधली असेल, तर झीटीपी जागेवर मेलं. कोअर म्हणतो, समोरचा एलएसीपी बोलल्याशिवाय मी पोर्ट उघडणार नाही. नवा स्विच म्हणतो, एलएसीपी काय असतं हे त्या फाइलीत लिहिलंय, ती आधी दे. फाइल यायला पोर्ट उघडा हवा. दोघं एकमेकांकडे बघत बसतात. कोअरवर फॉलबॅकची सोय असते, ती चालू करा. समोरून काही काळ एलएसीपी आलं नाही तर मोटेतला एक पोर्ट साधा म्हणून चालू ठेवायचा, असा तिचा अर्थ. प्रत्येक कंपनीने नाव वेगळं दिलंय. मॅन्युअलात शोधा.

दुसरा. स्विचला स्विच लटकवलाय का? पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्याला? मग दुसऱ्या मजल्याची हाक आली की पहिल्या मजल्याने शिक्का मारायचा. आणि शिक्का मारलेलं पत्र पुढे कोअरकडे गेलं की कोअर ते फेकून देतो. अविश्वासू पोर्टातून आधीच शिक्का मारलेलं पत्र आलं म्हणजे कोणीतरी लबाडी करतंय, असं तो धरतो. नियमाप्रमाणे बरोबरच आहे त्याचं. खालच्या स्विचकडे जाणारा पोर्ट विश्वासू केला की सुटतं. मला हे कळायला एक आख्खा रविवार लागला. बायको भाचीच्या बारशाला एकटी गेली.

सईसांज | बुधवार, रात्री १०:०२

+१. एलएसीपीचं विसरलेच होते.

सुरक्षेचंही बघा. टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणीत फाइल उघड्यावर जाते. वसतिगृहातल्या एखाद्या हुशार पोराने लॅपटॉपवरून तीच हाक मारली तर? अपलिंकचे (स्विचला स्विच जोडणारे) पोर्ट सोडून कुठूनही आलेल्या हाकेला सर्व्हरने फाइलच देऊ नये. आणि पहिल्या फाइलीत खरे पासवर्ड, रेडियसची (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरची) गुपितं वगैरे घालूच नका. तिच्यात एवढंच असू दे की मॅनेजमेंटच्या सर्व्हरवरून एसएसएचने (सुरक्षित लॉगिनने) आत शिरता येईल. उरलेलं त्या वाटेने ढकला. २०१९ ची आरएफसी ८५७२ आहे, तिच्यात दोन्ही बाजू एकमेकांची ओळख सर्टिफिकेटने पटवतात. तुमच्या ब्रँडमध्ये ती असेल तर उत्तमच.

नंतरचे बदल नेटकॉन्फने (दुरून कॉन्फिग बदलायच्या प्रोटोकॉलने) करत असाल तर कन्फर्म्ड कमिट वापरा. बदल लागू होतो, पण ६०० सेकंदांत तुम्ही पुन्हा हो म्हटलं नाही तर स्विच आपणहून पूर्वीच्या कॉन्फिगवर जातो. अपलिंकचा व्हीएलएएन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) चुकून स्वतःच बाहेर पडणं, हे प्रत्येकाने एकदा केलेलं असतं. मी दोनदा केलंय. दुसऱ्यांदा शुक्रवारी संध्याकाळी, हिंजवडीतून स्वारगेटला पोचल्यावर कळलं. परत गेले.

निळी_वायर | गुरुवार, सकाळी ८:०५

सगळ्यांना दंडवत. ऑप्शन ८२ नक्की. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापासून कामाला लागतोय. परत येऊन लिहितो.

उगाच_आपलं | गुरुवार, सकाळी ८:३०

सगळे येतो म्हणतात.

निळी_वायर | बुधवार, रात्री ११:१५ (दोन आठवड्यांनी)

आलो.

४२ पैकी ३७ स्विच आपापले उठले. पहिला उठताना मी कोअरच्या समोर स्टुलावर बसून लॉग बघत होतो. हाक आली, शिक्का दिसला, फाइल गेली. मग काहीच नाही. सव्वाचार मिनिटं. मला वाटलं मेलं. तेवढ्यात पलीकडच्या इमारतीतून पोराचा फोन: "सर, दिवे एकदम सगळे विझले आणि परत लागले." त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर नाव उमटलं, ग्रंथालय-तळ-०१. स्टुलावरून पडायचा बाकी होतो.

उरलेल्या पाचांची कथा.

दोन अडकले ते कोअरच्या पोर्टाच्या वेगामुळे. कोअरचे पोर्ट १० गीगाबिटचे, मॉड्यूल १ गीगाबिटचं. तांब्याच्या वायरीसारखं इथे वेगाचं आपसांत ठरत नाही, पोर्ट हाताने १ गीगाबिटवर आणावा लागतो. त्यातल्या एकावर आधीच्या माणसाने ऑटो-निगोशिएशनही बंद करून ठेवलं होतं. कोअरकडे दिवा हिरवागार, तिकडे अंधार. अशी एकतर्फी लिंक बघितली की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो.

तिसरा, कार्यशाळेतला. एसएफपी स्वतःच सांगतं किती प्रकाश पोचतोय ते, म्हणून वाचलो. उणे २७ डीबीएम. उणे १९-२० च्या खाली त्याला काही वाचताच येत नाही. गेलो तर पिवळा पॅचकॉर्ड कपाटाच्या दारात चिमटलेला. दार लावलं की नेटवर्क बंद, उघडलं की सुरू. मावशी नियमाने दार लावायच्या, चांगली सवय. तापकीर गल्लीतून लांब पॅचकॉर्ड आणला, टोक अल्कोहोलने पुसलं, उणे ८.

चौथा आणि पाचवा जोडीने. दोघंही सुरळीत उठले, नावं आली, एलएलडीपीत (शेजारी कोण ते सांगणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) शेजारी बरोबर, सगळं हिरवं. मी पेढा खाल्ला. पाडव्याला मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा फोन, वायफाय नाही. त्याच वेळी उपाहारगृहाचं बिलिंग मशीन बंद. तासभर डोकं खाजवलं. मग @जुना_एमडीएफ काकांचं आठवलं. कोअरच्या रॅकवरचं लेबल २०११ चं. त्यावर ९ म्हणजे वसतिगृह, १० म्हणजे उपाहारगृह. भिंतीमागे मात्र बरोबर उलटं. कोणीतरी कधीतरी दोन्ही टोकं बदललीत आणि जुन्या स्विचमध्ये त्याप्रमाणे हाताने फेरफार केलेत. लेबल राहिलं तसंच. म्हणजे शिक्का खरा होता, टपाल कचेरीचीच पाटी चुकीची.

जुना_एमडीएफ | गुरुवार, सकाळी ६:०५

लेबल कोणी लिहिलं होतं त्याच्या हस्ताक्षरावरून कळतं का बघा. आमच्याकडे सातला आडवी रेघ मारणारा एकच होता, त्याचं लेबल असलं की आम्ही दुसऱ्यांदा तपासायचो.

सईसांज | गुरुवार, सकाळी ९:४०

मस्त! आता दोन्ही वापरा. फाइल शिक्क्यावरूनच द्या, पण सिरियलही नोंदवत जा. उद्या १७ नंबरातून भलताच सिरियल आला तर सर्व्हर फाइल देईल, पण तुम्हाला मेलही पाठवेल.

निळी_वायर | शुक्रवार, रात्री १०:३०

ताई, तेच केलं, आणि त्यातूनच नवं भूत निघालं.

काल गुरुवार. नेहमीप्रमाणे सकाळी लाइट गेली. संध्याकाळी आली तेव्हा मला एक मेल: ३१ नंबरच्या पोर्टातून कोणीतरी फाइल मागतंय. ३१ नंबर माझ्या यादीत रिकामा आहे. बघतो तर लिंक चालू, प्रकाश उणे ११. समोरचा स्विच पोटात काही साठवलेलं नसलेला, नाव कारखान्यातून आलं तेच. त्याच्यामागे १४ मॅक पत्ते. मी चार वर्षं इथे आहे, हा कुठे आहे कोणालाच माहीत नाही.

धायरीफाटा | शुक्रवार, रात्री १०:४१

काढून टाका वायर. ज्याचं बंद पडेल तो फोन करेल.

निळी_वायर | शुक्रवार, रात्री १०:४४

प्राचार्यांचं पडलं तर?

जुना_एमडीएफ | शनिवार, सकाळी ६:२०

ओटीडीआर (प्रकाश सोडून फायबरची लांबी मोजणारं यंत्र) लावा. पण तो लावायलाही ती फायबर काढावीच लागेल. रविवारी सकाळी काढा, मोजा, दोन मिनिटांत परत लावा.

निळी_वायर | रविवार, दुपारी १२:५०

४१० मीटर. वळसे आणि वेटोळी सोडली तर अर्धं मैदान, जुनी प्रयोगशाळा आणि मागचं फाटक यांतलं काहीही. मावशींकडून किल्ल्यांचा जुडगा घेतला. मागच्या फाटकाच्या केबिनमध्ये, फॉल्स सीलिंगच्या वर, थर्माकोलच्या तुकड्यावर बसलेला सापडला. धूळ एवढी की पंखा फिरतोय हे आवाजावरून कळलं. बारा कॅमेरे, हजेरीचं मशीन, आणि वॉचमनदादांचा टीव्ही.

उगाच_आपलं | रविवार, दुपारी १:०२

टीव्हीला वेगळा व्हीएलएएन द्या.

निळी_वायर | रविवार, दुपारी १:१०

दिलाय. दादांनी बसवून चहा पाजला. यादीत ३१ समोर "मागचं फाटक, सीलिंगवर" लिहिलं आणि तिथेच उभ्याउभ्या त्याची फाइलही बनवली. आता येत्या गुरुवारी लाइट गेली की बघू.